१७० चं कोडं सुटलं

मंडळी, आज सकाळी नाशिकच्या कृषीनगरच्या ट्रॅकवर ७:३० च्या पेसला (किलोमीटरला साडेसात मिनिटं) ४० मिनिटं धावले आणि सरासरी हार्टरेट आला मिनिटाला १४१ ठोके. दिवाळीआधी याच पेसला १४० होता, दिवाळीनंतर मात्र घड्याळ १७० दाखवत होतं. थांबल्यावरही बराच वेळ तो आकडाच बघत उभी होते.

आधी दिवाळीचा हिशेब. ठरलेलं तुम्हाला आठवत असेल: वसुबारस ते भाऊबीज दोनच सेशन, छोटी पण जोराची, बाकी सगळं बंद. आधार होता रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांचा. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम केलेल्यांचे दिवस त्यांनी चारावर आणि दोनावर आणले. पंधरा आठवड्यांनंतरही व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) टिकून होता. पुढच्या प्रयोगात दिवस सहाच ठेवून वेळ १३ मिनिटांवर आणला, तरी टिकला. जोर कमी केला तेव्हा मात्र घसरला. सणाच्या घरात राबणाऱ्या बाईला याहून उपयोगी काही मी वाचलेलं नाही. दिवस आणि वेळ आपल्या हातात नसतात, जोर असतो.

दोनांतलं एकच सेशन झालं. नरकचतुर्दशीला पहाटे मी बूट घालताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज तरी थांब. उटणं भिजवून ठेवलंय." म्हटलं, "आई, मी जिन्यावरच आहे. अंघोळीला माझा नंबर शेवटचा लावा." पाच मजले, सहा फेऱ्या, वर पळत आणि खाली चालत. वीस मिनिटांत घरात. चौथ्या मजल्यावरच्या काकू दारात रांगोळी काढत होत्या. तिसऱ्या फेरीपासून त्यांनी ठिपके भिंतीकडे सरकवून मला वाट करून दिली. या मोसमातलं माझं सगळ्यात आवडतं सेशन हेच. पाडव्याचं राहिलं, कारण पहाटे सगळे पिंपळपारावर गाणं ऐकायला गेलो. त्याची हळहळ नाही.

खरा त्रास सुरू झाला भाऊबीजेनंतर. शनिवारी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे निघाले, नेहमीचा इझी रन. दुसऱ्याच किलोमीटरला घड्याळात १७१. मग १६९, १७०. पेस ९ वर आणला, तरी १६८. श्वास मात्र शांत होता, सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येत होतं. अर्ध्यातून परतले. दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा गेले, पुन्हा १७०. आठ-नऊ दिवसांत सहा महिन्यांची मेहनत गेली असं वाटून खरंच रडू आलं. चकल्या-करंज्यांना दोष दिला, झोपेला दिला, हिमोग्लोबिन तपासायचं ठरवलं.

त्या रात्री ॲपवर दोन्ही रन उघडले आणि हार्टरेटच्या रेषेवर कॅडेन्सची, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांची, रेषा ठेवून पाहिली. दोन्ही एकावर एक! माझी कॅडेन्स १६८ ते १७२ असते. घड्याळ ठोके मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची हालचाल वाचतो. पहाटे गारठा असला की मनगटाकडे रक्त कमी येतं, सिग्नल क्षीण होतो आणि घड्याळ पावलांच्या हिसक्यांनाच ठोके समजतं. पट्टा सैल असेल तर आणखीच.

दुसऱ्या दिवशी ७:३० ला धावून थांबल्याबरोबर मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजले: ३८, म्हणजे १५२. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, म्हणजे खरा आकडा थोडा वरचाच असणार. फिटनेस घसरला होता हे खरं, पण १२-१५ ठोक्यांनी, ३० ने नाही.

मग ठोके मोजणारा छातीचा स्ट्रॅप का वापरला नाही? तो बंद पडला होता. धनत्रयोदशीच्या गडबडीत सेन्सर ओल्या पट्ट्यावर तसाच अडकवून ठेवला. ओल लागली की त्याला वाटतं आपण छातीवरच आहोत, तो जागा राहतो आणि बॅटरी संपते. रन झाला की सेन्सर काढून वेगळा ठेवा, ही सवयच करा. मेन रोडच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ ही चपटी गोल बॅटरी आणली. खोक्यातली सुटी घेऊ नका, सीलबंद आणि वर तारीख असलेलीच घ्या.

नवी बॅटरी टाकून धावले तर पहिली दहा मिनिटं १९५! मग एकदम १४९ वर येऊन स्थिर. हे मात्र लगेच लक्षात आलं. पावसाळ्यात अंग ओलंच असतं, या कोरड्या हवेत घाम येईपर्यंत इलेक्ट्रोडला त्वचा नीट लागत नाही, वर पॉलिस्टरचा टीशर्ट घासून स्थिर वीज तयार करतो. शिवाय माझ्या पट्ट्याला अभ्यंगाचं तेल लागलेलं होतं. सौम्य साबणाने धुतला, निघताना नळाखाली ओला केला, औषधांच्या दुकानातलं ईसीजीचं जेल बोटभर लावलं. पहिल्या मिनिटापासून सरळ रेषा. महागड्या घड्याळापेक्षा हा पट्टा मला शंभरदा आवडतो.

त्यानंतर, त्याच पेसला: १४९, १४६, १४६, १४३, आज १४१. व्यायाम थांबला की आधी उतरतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग. मग एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. स्नायूंमधली कमाई त्याहून सावकाश जाते. प्लाझ्मा लवकर जातो, तसा लवकर परतही येतो.

आता पुढचं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि डिसेंबरअखेर आम्ही कोकणात. दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या असा बेत लिहिणार होते, पण हे लिहितानाच वाटतंय की लग्नं रविवारीच असतात, तो बेत मोडणारच. जोराचं सेशन बुधवारी जिन्यावर, दुसरं जमेल त्या दिवशी. आणि दर गुरुवारी ७:३० चा ४० मिनिटांचा टेस्ट रन, म्हणजे प्रत्येक लग्नाआधीचा आणि नंतरचा आकडा हाताशी राहील. नाही, थांबा, जोराच्या सेशनच्या दुसऱ्याच दिवशी टेस्ट घेतली तर पाय जड असतील. जिना सोमवारी.

गुरुवारी सकाळी सहाला कृषीनगरला येणाऱ्यांनी पट्टा घरूनच ओला करून या. जेल मी आणते.