प्रॉपर्टी कार्डावरचा जुना बोजा : माझा अनुभव

सोलापुरात जुनं घर विकायचं असेल तर एजंटाला फोन करायच्या आधी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि शेवटपर्यंत वाचा. धारकाच्या रकान्यात आपलं नाव दिसलं की घडी घालून खिशात टाकू नका. त्याच कार्डावर 'इतर भार' असाही एक रकाना असतो, कर्जाचा बोजा तिथे नोंदलेला असतो. आमचा विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, दसऱ्याला झाला आणि खरेदीखत जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठल्यावर, ते त्या रकान्यातल्या एका ओळीमुळे.

घर पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं. खाली मागाचा हॉल, वर राहायच्या खोल्या. वडिलांनी १९९६ मध्ये एका यंत्रमागवाल्याकडून रोखीने घेतलेलं. बँकेचं कर्ज नव्हतं, त्यामुळे तेव्हा कोणत्या वकिलाने कागद चाळले नाहीत. त्या यंत्रमागवाल्याने १९८८ मध्ये एका पतसंस्थेकडून ४०,००० रुपये उचलले होते. कर्ज फिटलं, संस्था बुडाली, पण कार्डावरची ओळ तशीच राहिली.

एजंटाचं काम त्याने चोख केलं, हे आधी सांगतो. नुसती बघायला येणारी माणसं गाळली. आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत पाणी किती दिवसांनी येतं, हौद किती लिटरचा, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे सांगून टाकलं. सोलापुरात गिऱ्हाईक किमतीच्या आधी हेच विचारतं. त्याचा पहिला प्रश्न मात्र होता, "तुमच्या हातात किती पाहिजेत?" या प्रश्नाला आकडा सांगायचा नाही. सांगितलात की वरचं सगळं त्याचं, आणि घर किती किमतीला दाखवतोय ते तुम्हाला कळतही नाही. किंमत वेगळी, कमिशन वेगळं, दोन्ही कागदावर. जुन्या घराला दोन्ही बाजूंनी एक ते दोन टक्के मागतात. आम्ही एक टक्का ठरवला, निम्मं विसाराला आणि निम्मं खरेदीखताला. तो निम्मा हप्ता मागे होता म्हणूनच पुढचे तीन महिने तो फोन उचलत होता.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक एजंटाकडे असला तर चांगलंच, पण ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. पेठेतल्या जुन्या घराचे कागद त्याने तपासले आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. कार्डाचं विचारलं तेव्हा आमचा म्हणाला, "जातंय होऊन काका, कागदाचं टेन्शन तुम्ही कशाला घेतलाव?"

खरेदीदाराने कर्जासाठी अर्ज केला आणि बँकेच्या वकिलाने फाईल परत पाठवली. शेरा एका ओळीचा : आधी बोजा कमी करून आणा, म्हणजे कार्डावरची ती नोंद काढून आणा. आम्ही स्वतः वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला होता, तो स्वच्छ होता. स्वच्छच असणार. तेव्हा तीस वर्षं मागे गेलं की १९९४-९५ यायचं, नोंद त्याच्याही आधीची. सर्च रिपोर्ट दस्त नोंदणीच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांवरून होतो, बोजा कार्डावर बसलेला असतो. एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

बोजा कमी करायला कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं. संस्था चालू असेल तर आठवड्याचं काम. आमची अवसायनात गेलेली, म्हणजे कायद्याने गुंडाळायला काढलेली. कार्यालयाच्या जागी आता मोबाईलचं दुकान. अशा वेळी संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार अवसायकाला असतो, आणि त्याची नेमणूक सहकार खात्याचा निबंधक करतो. म्हणजे पत्ता शोधायचा तो संस्थेचा नाही, अवसायकाचा. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, कारण तोवर मी जुन्या संचालकांची दारं वाजवत होतो. त्यांच्या सहीला या कामात काडीची किंमत नाही.

अवसायक कोण, हे तोंडी विचारून उत्तर मिळेना. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून 'साहेब दौऱ्यावर'. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : अमुक संस्थेचा सध्याचा अवसायक कोण, त्याच्या नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक व तारीख काय, संस्थेचं दप्तर कुणाच्या ताब्यात आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस, आमचं सव्विसाव्या दिवशी आलं. हा अर्ज पहिल्याच दिवशी टाकायला हवा होता. संस्थेची नोंदणीच रद्द झाली असेल तर दप्तर कुठे जमा झालं तेही याच अर्जात विचारून घ्या.

अवसायकाकडे एकच संस्था नसते आणि तो रोज बसतही नाही. दप्तर गोण्यांत. त्याला 'बघा की साहेब' म्हणून उपयोग नाही, शोधायला धागा द्यावा लागतो : कर्जदाराचं नाव, वर्ष, रक्कम आणि बोजा ज्या फेरफाराने, म्हणजे कार्डावरच्या बदलाच्या नोंदीने, चढला त्याची तारीख. हे सगळं जुन्या हस्तलिखित पत्रिकेच्या नकलेवर असतं. ऑनलाइन मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या कार्डासोबत ती नक्कलही काढून ठेवा.

पहिलं पत्र मिळालं आणि नगर भूमापनात चाललं नाही. त्यात दोन चुका होत्या. घराची ओळख महापालिकेच्या घर नंबराने दिली होती, नगर भूमापन क्रमांक नव्हताच. आणि 'कर्ज निरंक आहे' एवढंच लिहिलं होतं, बोजा कमी करायला हरकत नाही असं वाक्य नव्हतं. निरंक म्हणजे कमी कराच असं कुणी गृहीत धरत नाही, आणि त्यात त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही. दुसरं पत्र नावावर अडलं. पूर्व भागात हे फार होतं. कार्डावर 'नरसिंहलू', संस्थेच्या खतावणीत 'नरसय्या'. माणूस तोच. तिसऱ्या पत्रात 'नरसिंहलू ऊर्फ नरसय्या' आलं आणि सोबत त्यांच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

तर पत्रात एवढं हवंच : पेठ आणि नगर भूमापन क्रमांक, कर्जदाराचं नाव कार्डावर आहे तसंच्या तसं, रक्कम, बोजाच्या फेरफाराची तारीख, कर्ज पूर्ण फिटल्याचं आणि बोजा कमी करण्यास हरकत नसल्याचं अशी दोन स्वतंत्र वाक्यं, अवसायकाच्या नेमणुकीचा आदेश क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. मसुदा आपणच टाइप करून न्यावा. त्यांना बरं पडतं आणि आपली एक फेरी वाचते.

पत्र बरोबर असलं की पुढचं काम सरळ. अर्ज, ताजं कार्ड, पत्राची मूळ प्रत, आधारची झेरॉक्स. आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. परिरक्षण भूमापक फेरफार घेतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग नोंद प्रमाणित होते. या पंधरा दिवसांत कितीही घाई केली तरी काही हलत नाही. मी तरी चार फेऱ्या मारल्याच. नव्या कार्डावर ती ओळ कंसात गेलेली, म्हणजे रद्द झालेली, बघितली तेव्हा मी ते कार्ड रिक्षावाल्यालाही दाखवलं.

खरेदीखत अर्ध्या दिवसात झालं. किंमत ३८ लाख. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक स्थानिक अधिभारासह सहा टक्के, म्हणजे २,२८,००० रुपये; खरेदीदाराने घर एकट्या बायकोच्या नावे घेतलं म्हणून एक टक्का सुटला, ३८,००० वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी एक टक्का, पण ३०,००० च्या वर जात नाही. मुद्रांक ठरलेली किंमत आणि रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत, यांत जी रक्कम जास्त तिच्यावर लागतो, त्यामुळे कमी किंमत दाखवा सांगणाऱ्या एजंटाचं ऐकून मुद्रांक वाचेलच असं नाही.

विसार पावतीबद्दल राहिलंच. आमच्या पावतीत 'तीन महिन्यांत खरेदी' असं होतं आणि बोजा निघाला तेव्हा ती मुदत आमच्याच अंगावर आली. मग चूक दुरुस्त करून दुसरी लिहिली : बोजा कमी झालेलं कार्ड हाती आल्यापासून ४५ दिवसांत. पहिल्यांदाच असं लिहा. विसार चेकने घ्या. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकराचा दंड घेणाऱ्याला बसतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापून भरतो, ते आधीच बोलून ठेवा. महापालिकेच्या करपावत्या विसाराच्या आधीच गोळा केलेल्या बऱ्या.

घर हद्दवाढ भागातलं, म्हणजे नंतर महापालिकेत आलेल्या गावांतलं, असेल तर यातलं बरंच बदलतं. तिथे कित्येक ठिकाणी प्रॉपर्टी कार्ड नसतं, सातबारा असतो. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला, असेल तर नियमितीकरणाचा दाखला आधी बघायचा. बोजा मात्र तिथेही असू शकतो, सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात.

एजंटाचा उरलेला हप्ता त्याच दिवशी दिला. आठवड्याभराने त्याचा फोन आला. साखर पेठेतलं एक घर बोजामुळे अडलंय, काका, तेवढा त्या पत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर टाका. टाकला.