‘काम’ या रकान्यात किती गुण?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे मानसिक आजार असलेल्या माणसांना नोकरी मिळवून द्यायची आणि ती टिकेपर्यंत मागे उभं राहायचं, हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं, कामावर ठेवायला तयार होणारा मालक शोधणं सगळ्यात अवघड असेल. माझा सगळ्यात जास्त वेळ खातं ते दिव्यांग प्रमाणपत्र. गेल्या महिन्यात एका सरकारी रुग्णालयातून परत एकदा 40 टक्क्यांच्या खालचा कागद हातात आला. तो चुकीचा होता, आणि का चुकला तेही मला माहीत आहे, म्हणून लिहितेय.

स्वावलंबन पोर्टलवरचा (या प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा) अर्ज, फोटो, आधार यात फार काही अडत नाही. तपासणीच्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर गुण देतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम असे चार रकाने. प्रत्येकात 0 ते 4; 0 म्हणजे काही अडचण नाही, गुण जितके जास्त तितकी अडचण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा आहे याचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आत 1, दोन ते पाच वर्षांना 2, सहा ते दहाला 3, दहाच्या पुढे 4. एकूण 20. बेरीज 7 झाली की 40 टक्के, 6 राहिली तर नाही. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण (त्यातला 1 टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरे सगळ्यांत मिळून) 40 टक्क्यांपासूनच सुरू होतं. म्हणजे सगळं एका गुणावर येऊन ठेपतं.

हा गुण जातो तो ‘काम’ या रकान्यात. डॉक्टर आईला विचारतात, “काम करतो का?” आई म्हणते, “हो, करतो की. मामाच्या दुकानात बसतो.” तिला मुलाचं चांगलं सांगायचं असतं. दारात रांग असते, पुढचा प्रश्न येतो आणि रकान्यात 0 पडतो. प्रत्यक्षात तो आठवड्यातून तीन दिवस जातो, तेही कोणी उठवलं तर. तासाभराने डोकं जड झालं म्हणून घरी येतो, हिशेब मामालाच पुन्हा करावा लागतो, पगार नाही. आजार सात वर्षांचा म्हणून 3, संबंध 2, संवाद 1, स्वतःची काळजी 0. झाले 6. ‘काम’ मध्ये निदान 1 तरी हवाच होता.

म्हणून आता मी घरच्यांकडून एक पानभर कागद लिहून घेते आणि केसपेपरला जोडते. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामाला गेला, किती तास टिकला, पैसे किती मिळाले, सोबत कोण गेलं, अर्धवट राहिलेलं कोणी पुरं केलं, आधीच्या नोकऱ्या कोणत्या महिन्यात आणि कशामुळे सुटल्या. खाली सांभाळणाऱ्याची सही. वाढवून काही लिहायचं नाही. जे खरं आहे तेवढ्यानेही बेरीज बहुतेक वेळा बरोबर येते. आणि त्या दिवशी रोज सोबत राहणारं माणूसच न्या, गाडी चालवता येते म्हणून आलेला चुलतभाऊ नको.

दुसरी गळती वर्षांच्या रकान्यात होते. केसपेपरवर त्या रुग्णालयात पहिल्यांदा आल्याची तारीख असते, आजार त्याआधीचा. खाजगी डॉक्टरची जुनी चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या दुकानाचं बिलसुद्धा न्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदान आणि आजार सुरू झाल्याचं वर्ष स्पष्ट लिहून घ्या. आधारवरचं आणि केसपेपरवरचं नाव जुळतंय ना, हेही आधीच बघा. निकाल पटला नाही तर दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 59 खाली अपील करता येतं. खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

घरचे घाबरतात: काम जमत नाही असं लिहून दिलं तर उद्या नोकरी कोण देईल? ही पट्टी आजची, आधाराशिवायची स्थिती मोजते, आधार मिळाल्यावर माणूस काय करू शकेल ते मोजत नाही. हे त्यांना बसून समजवावंच लागतं.

आणि कृपा करून, कागद येईपर्यंत नोकरी शोधायची थांबू नका. खाजगी नोकरीला प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी बसवलेली पद्धत मी धरते: आधी खरी नोकरी, शिकणं नोकरीतच. एका कार्यकर्त्याकडे 20 पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि 30 दिवसांच्या आत पहिल्या मालकाशी गाठ पडली पाहिजे. वर्षानुवर्षं कागदी पिशव्या करत बसवून कोणी नोकरीला ‘तयार’ झालेलं मी पाहिलेलं नाही. मालकाला आजार सांगायचा की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं, आपण नाही.

नोकरी टिकवायच्या वेळी औषधं बघा. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत राहत असेल तर सातच्या पाळीत तो आठवडाभरात बाहेर पडेल. गोळीची वेळ अलीकडे घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. बायपोलर असेल तर रात्रपाळी नकोच, झोप मोडली की आजार उसळतो. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर भट्टीजवळचं काम टाळा. घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात जास्त थरथरतात.

ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जाते का, हे पहिल्याच पगारपत्रकात बघा. दिव्यांग कामगाराला 25,000 रुपये पगारापर्यंत ती लागू आहे, इतरांना 21,000. दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी वर्गणी झालेली असेल तर सायकोसिससारख्या (भास-भ्रम होणाऱ्या) आजारात वाढीव आजारपण लाभ मिळतो, पगाराच्या 80 टक्के. त्यामुळे आजार पुन्हा वर आला की घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. घरचे तो परस्पर देऊन येतात आणि सगळं हातचं जातं. त्या दिवशी फक्त रजेचा अर्ज आणि ईएसआय डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यायचं.