वरचं नितळ पाणी

रविवार होता. लॅबमध्ये मी आणि एसीची घरघर. आदल्या दिवशी पेशींच्या थरावर २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपने ओरखडा काढून ठेवला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या या एमडीए-एमबी-२३१ पेशी भारी चालऱ्या. चोवीस तासांत ओरखडा जवळजवळ बुजवतात. कॅन्सर पसरताना पेशी मूळ गाठ सोडून निघतात, त्याची ही डिशमधली ढोबळ नक्कल.

पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) लावलेले सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे अतिसूक्ष्म कांड्या, प्लेटमधल्या ज्या वेल्समध्ये (खळग्यांत) घातले होते, तिथे ओरखडा जसाच्या तसा. फोटो काढण्याआधीच मी मॅडमना मेसेज केला. २०१७ मध्ये जॉर्जिया टेकच्या मुस्तफा अल-सय्यद यांच्या गटाने दाखवलं होतं की, पेशीवरच्या इंटिग्रिनला (पेशीला आजूबाजूला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला) चिकटणारे असे रॉड तिच्या सांगाड्यात ढवळाढवळ करतात आणि तिची चाल मंदावते. इथे तर ती थांबलीच होती! पेपरचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं मला.

मॅडम सोन्यावर सहसा भाळत नाहीत. काही नॅनोकण रक्तवाहिन्यांच्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि उंदरांत कॅन्सर उलट जास्त पसरतो, हे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, तेव्हापासून तर नाहीच. संध्याकाळी येऊन त्या बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या.

"काठावरच्या पेशी गोल झाल्यात बघ. चालायच्या थांबल्यात, की मरायला टेकल्यात?"

मी गप्प.

"रॉड किती वेळा धुतलेस?"

"एकदा."

"आणि सीटॅब?"

सीटॅब म्हणजे रॉड वाढवताना लागणारा, साबणाच्या जातीचा पदार्थ. त्याच्याशिवाय सोनं सहसा रॉडच्या आकारात वाढत नाही, आणि मागे उरला तर तो पेशीचं आवरण फाडतो. पाठ होतं मला हे. पण शनिवारी रॉड धुवायला लागणाऱ्या सेंट्रिफ्यूजसमोर रांग होती आणि मला घरी जायचं होतं.

सुदैवाने एक प्लेट शिल्लक होती. तेच रॉड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवले आणि वरचं नितळ, सोनं नसलेलं पाणी नव्या ओरखड्यावर घातलं. सोमवारी रात्री पाहिलं. ओरखडा उघडा, पेशी गोल.

पुढच्या बॅचचे रॉड तीनदा धुतले. या वेळी पेशी लांबट, ठणठणीत होत्या. ओरखडा बुजत होता, कंट्रोलपेक्षा, म्हणजे रॉड न घातलेल्या पेशींपेक्षा, किंचित सावकाश. निदान मला तसं वाटलं.

"वाटतंय कशाला? मोज," मॅडम म्हणाल्या.

मी फोटोंवर रेघा मारायला बसले.