आबांच्या मोबाईलमधली वेबसाईट

आंब्याच्या खोक्यांवर क्यूआर कोड छापून झाला होता. पण तो मोबाईलने स्कॅन केला की बागायतदार आबांच्या वेबसाईटऐवजी होस्टिंग कंपनीचं, म्हणजे जिच्या सर्व्हरवर वेबसाईट ठेवलेली असते तिचं, ‘कमिंग सून’चं पान उघडायचं. आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र तीच वेबसाईट अगदी व्यवस्थित दिसत होती. बागेचे फोटो, डझनाचा भाव, फोन नंबर, सगळं जागच्या जागी. काम होऊन गेलं तरी ते प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

मी देवगडजवळ जामसंड्याला डीटीपीच्या दुकानात काम करते. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका आणि सीझनला आंब्याची लेबलं. वेबसाईटचं काम दुकानात नवीन आणि मीही त्यात नवीनच, रात्री घरी बसून शिकलेली. लोकांना वाटतं पान बनवलं की वेबसाईट झाली. खरा वेळ जातो ते पान सर्व्हरवर, म्हणजे वेबसाईट जगाला दाखवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, धड उभं करण्यात. फाईली नेमक्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरातच जायला हव्यात. पहिल्या पानाचं नाव ‘इंडेक्स’च हवं, नाहीतर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’चा एरर, येऊन दार बंद. विंडोज फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच धरतं, लिनक्सचा सर्व्हर धरत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यातून कॅपिटल ‘जेपीजी’ घेऊन आलेला फोटो आपल्या कॉम्प्युटरवर दिसतो आणि सर्व्हरवर गायब होतो. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेला नसेल तर ‘हापूस’च्या जागी नुसती चिन्हं उमटतात. कोणी वाचायचं आणि कोणी बदलायचं ते ठरवणारे परवानगीचे आकडेही नीट हवेत, फोल्डरला ७५५, फाईलला ६४४. आबांच्या वेबसाईटचं हे सगळं मी स्वतः तपासून पक्कं केलं होतं आणि ते काम चोख झालं होतं, हे मी आजही सांगेन.

आबांना वेबसाईट हवी होती ती विक्रीपेक्षाही खात्रीसाठी. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने सर्रास खपवला जातो, आणि या विषयावर आबा पोटतिडकीने बोलतात. गिऱ्हाइकाने कोड स्कॅन करावा आणि आंबा कुठल्या बागेतला ते बघावं, एवढीच त्यांची इच्छा. तिथे परकं पान उघडलं तर गिऱ्हाईक पेटीवरच संशय घेणार.

सकाळी आबा दुकानात आले. “गो बाय, माझ्या मोबायलात अजून ताच पान दिसता.”

मी होस्टिंग कंपनीच्या सपोर्टच्या चॅटवर गेले. आधी कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं, क्लिअर करायला सांगितलं. मग दुसरा ब्राउझर वापरा. मग पिंग करून, म्हणजे वेबसाईटच्या नावाला कुठला सर्व्हर उत्तर देतो ते बघून, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला, त्यात सर्व्हरच्या पत्त्याचा आकडा बरोबर आला. “आमच्याकडे साईट दिसतेय मॅडम, डीएनएसला ४८ तास लागतात, थांबा.” डीएनएस म्हणजे वेबसाईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची वही, आणि त्यातली एकेक नोंद म्हणजे रेकॉर्ड. आमच्या दुकानाचे मालक, भाऊ, तेवढ्यावर निवांत झाले. आबांचा मोबाईल जुना आहे, त्यांना दोन दिवसांनी बोलवू, म्हणाले. भाऊ मनाने चांगले आहेत, पण कंपनीच्या माणसाने सांगितलं की त्यांना ते पटतं आणि आपल्या माणसाने सांगितलं की पटत नाही, ही त्यांची खोड मला मुळीच आवडत नाही.

आबांनी मात्र ऐकून घेतलं नाही. “पोराच्या मोबायलात पुण्याक पण ताच दिसता. मगे माझोच मोबायल खराब कसो?”

प्रश्न बिनतोड होता. शिवाय ४८ तासांचा हिशोबही जुळत नव्हता. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आमच्या पत्त्याच्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत, १४४०० सेकंद होता, म्हणजे चार तास. रेकॉर्ड बदलून आठवडा होत आला होता. जुनी नोंद कुठे साठून राहिली असती तरी एव्हाना विरून गेली असती.

मी आबांचा मोबाईल काउंटरवर ठेवला आणि दुकानाच्या वायफायला जोडला. वेबसाईट उघडली, बागेच्या फोटोसकट. वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला. ‘कमिंग सून’. पुन्हा वायफाय, पुन्हा बाग. तोच मोबाईल, तोच ब्राउझर, जुनी पानं न वापरणारी तीच इन्कॉग्निटो खिडकी. आबा वाकून बघत होते. माझ्या मोबाईलवर करून पाहिलं, तेच. म्हणजे कॅशेचा संबंध नाही, मोबाईलच्या वयाचा तर नाहीच नाही. फरक फक्त रस्त्याचा होता.

मग कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ ही कमांड टाकून डीएनएसला वेबसाईटचा पत्ता विचारला. उत्तरात दोन ओळी आल्या. एक टिंबं असलेला आकडा, आमच्या सर्व्हरचा. दुसरी लांबलचक, अक्षरं-आकडे आणि मध्ये विसर्गासारखे कोलन. ती ओळ मी तिथे घातलेली नव्हती.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आसपास. त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. म्हणून आयपीव्ही६ चे लांब पत्ते आले आणि मोबाईल नेटवर्कवर आज ते भरपूर वापरात आहेत. टिंबांचा पत्ता डीएनएसमध्ये ‘ए’ रेकॉर्डमध्ये असतो, लांब पत्ता चार ‘ए’ असलेल्या वेगळ्या रेकॉर्डमध्ये. दोन्ही असले की मोबाईल सहसा लांब पत्त्याला पहिली पसंती देतो. आमच्या दुकानाच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नाही, म्हणून कॉम्प्युटर टिंबांच्या पत्त्यावर, बरोबर जागी, जात होता. पिंगही तिकडेच. डोमेन घेतलं तेव्हा कंपनीने आपल्या कोऱ्या पानासाठी दोन्ही पत्ते भरले असणार. होस्टिंग जोडताना एक बदलला आणि दुसरा तसाच राहिला. माणसाने घर बदललं, रेशनकार्डावर नवा पत्ता लावला आणि बँकेत जुनाच ठेवला, तसं हे झालं.

त्यातून अडकलेला आणखी एक धागा सुटला. साईटचं मोफत एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साईट सुरक्षित असल्याचा दाखला, किती दिवस ‘पेंडिंग’ होतं आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘सुरक्षित नाही’ येत होतं. त्यालाही कंपनीचं उत्तर ४८ तासच. ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं. सर्टिफिकेट देण्याआधी ते साईटवर ठेवलेली एक छोटी फाईल उघडून बघतात, आणि लांब पत्ता असेल तर आधी तिकडेच जातात. तिकडे कंपनीचं कोरं पान, आमची फाईल कुठून सापडणार? दोन तक्रारींचं मूळ एकच होतं आणि दोन्ही वेळा आम्हाला थांबायला सांगितलं गेलं.

तो लांब पत्त्याचा रेकॉर्ड मला पुसता येईना. पॅनेलमध्ये त्याच्यासमोर कुलूप होतं. चॅटवरचा मुलगा ‘ए रेकॉर्ड बरोबर आहे’ हेच परत परत लिहीत राहिला. त्याला दोष देत नाही, त्याच्यासमोर जे पान उघडतं त्यावर बहुधा एवढंच दिसत असेल. पण आपल्याला दिसतंय ते खरं आणि समोरच्याला दिसतंय ते खोटं, असं धरून चालणारी पद्धत ज्यांनी बसवली त्यांचा मला मनापासून राग आहे. शेवटी मी चॅट सोडलं आणि तिकीट, म्हणजे कंपनीकडे लेखी तक्रार, टाकलं. दोन्ही पत्ते एकाखाली एक, वायफायवर आणि डेटावर काढलेले दोन स्क्रीनशॉट, आणि एकच मागणी, हा रेकॉर्ड काढा. संध्याकाळी उत्तर आलं, ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड’. कारण नाही, दिलगिरी नाही. रात्री आबांचा फोन आला, कोड चालतोय म्हणून. सर्टिफिकेटही नंतर आपोआप आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीकडे ठेवलेल्या आमच्या बाकीच्या साईट तपासल्या. कुणकेश्वरच्या एका होमस्टेच्या डोमेनवर तीच लांब ओळ निघाली. ती साईट दिवाळीच्या आधी चढवलेली. मालक घरच्या वायफायवर बघतात, त्यांना ती नीट दिसते. सुट्टीतली माणसं शोधतात ती गाडीत बसून, मोबाईल डेटावर. वेबसाईटवरून एकही फोन आला नाही, असं ते दुकानात येऊन बोलले होते, तेव्हा गुगलवर वर यायला वेळ लागतो, असं भाऊंनी त्यांना सांगितलं होतं. रेकॉर्ड काढायचं तिकीट मी टाकलंय. दिवाळीची आणि नाताळची गिऱ्हाइकं कुठे गेली, ते त्यांना सांगायला हवं, असं मी भाऊंना म्हटलं. भाऊ म्हणाले, आता उकरून काय उपयोग? मला ते मान्य नाही. मेची सुट्टी लागायच्या आत मी स्वतः कुणकेश्वरला जाऊन त्यांना सांगणार आहे.