लाल बस्ते

१४ जुलै २०२५, सोमवार. टपालात साहेबांच्या नावानं एक पाकीट होतं, वर लाल पेनानं ‘गोपनीय’. साहेबांनी वाचलं आणि माझ्या टेबलावर पाठवलं. तहसीलच्या आस्थापनेचा अव्वल कारकून मीच.

‘एक जागरूक नागरिक’ लिहितो की, अमुक सज्जाचा तलाठी (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) शहरी नक्षल आहे. लाल झेंड्याखाली मोर्चे काढतो, कपाटात लाल गठ्ठे लपवतो. सरकारात शिरलेल्या असल्यांना हुडकून काढा. सोबत एका फोटोची झेरॉक्स.

निनावी अर्ज एरवी कारवाईविना दप्तरी दाखल होतो. पण आदल्याच गुरुवारी विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालेलं, शुक्रवारी परिषदेत. सरकार म्हणतं, कडव्या डाव्या संघटनांना आळा घालायचाय. विरोधक म्हणतात, बोलणाऱ्याचं तोंड दाबायचंय. टपरीवर दुसरा विषय नव्हता. असा कागद ठेवायचीही भीती, फेकायचीही. साहेब म्हणाले, “बघून या, अन् टिपणी टाका.”

तलाठी म्हणजे तिशीतलं पोरगं. अर्ज दाखवला नाही, नुसतं कपाट उघडा म्हणालो. किल्ली लागेना त्याच्या हातून; म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. आत लाल गठ्ठे होतेच. लाल कापडात बांधलेले फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या नावबदलाच्या नोंदींचे, बस्ते, गाठी मारून मारून कापड काळपट पडलेलं, वर गावांच्या चिठ्ठ्या. दोन सोडले. धूळ, वाळवीनं खाल्लेला कोपरा आणि एका फेरफारावर पेन्सिलीनं ‘हरकत आहे’. जमीन कुणाची ते सांगत नाही, पण अर्ज कुठून आला असेल ते तिथंच उमगलं.

फोटो मार्च २०२३ मधल्या जुन्या पेन्शनच्या संपातला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या. लाल झेंडा मागच्या अंगणवाडीताईंच्या संघटनेचा. कडेला अर्धवट कापला गेलेला चष्मेवाला मी.

परतताना आजोबांच्या गोष्टी आठवल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे त्याच्या रझाकारांनी भारताशी करारासाठी दिल्लीला निघालेल्या निजामाच्या शिष्टमंडळाची घरं वेढली. निजाम मागं फिरला, छतारीच्या नवाबांनी संस्थानाचं पंतप्रधानपद सोडलं. कडव्यांनी सरकार धरलं की कसं दिसतं, ते आमच्या मुलखानं पाहिलंय. ते बघायला कपाट उघडावं लागलं नव्हतं.

टिपणीत लिहिलं : वर्तणूक नियम १९७९ मधील नियम ५ (राजकारणात भाग घेण्यास मनाई) चा भंग दाखवणारा कागद आढळला नाही. छायाचित्रात टिपणी सादर करणाराही आहे.

साहेबांनी शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. “ही काढा की.”

“असू द्या साहेब. माझ्यावर अर्ज आला की कामी येईल.”

हसले, सही केली.

१ ऑगस्टला, महसूल दिनाच्या कामानं, पुन्हा त्या सज्जावर गेलो. कपाट उघडंच होतं. सगळे बस्ते नव्याकोऱ्या पांढऱ्या कापडात.

“जुनं फाटलं होतं, भाऊसाहेब,” तो म्हणाला.