हरलेला शेव्हर्स

"मामा, हा शेवटी हरलाच ना? मग याचीच मॅच का लावतोस?"

भाचा सहज बोलला. मला मात्र अजून झोप नाही.

१९७९ची हेवीवेट बॉक्सिंगची लढत. सातव्या फेरीत आव्हानवीर अर्नी शेव्हर्सचा उजवा ठोसा बसला आणि जगज्जेता लॅरी होम्स थेट पाठीवर. संपलं, असंच वाटतं. दरवेळी वाटतं! पण होम्स उठला, आणि अकराव्या फेरीत जिंकलाही.

शेव्हर्सचा दम लांबच्या लढतीत कमी पडायचा, हे खरंच. विश्वविजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. १९७७ साली मुहम्मद अलीसमोर पंधरा फेऱ्या टिकला, तिथेही गुणांवर हरला.

पण त्या लढतीनंतर अलीच्या मूत्रपिंडांचे रिपोर्ट पाहून त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी अलीची साथ सोडली. आणि होम्स? तो पुढे टायसनशीही लढला, तरी सगळ्यात जोरदार ठोसा शेव्हर्सचाच, असं सांगत राहिला.

ज्यांनी हरवलं तेच इतकी वर्षं त्याच्या हाताची आठवण काढत होते. २०२२ साली शेव्हर्स गेला.

भाच्याला उद्या ती सातवी फेरी पुन्हा दाखवणार आहे. तुम्ही पाहिली आहे का?