दोन स्किफ आणि वर धरलेली रायफल

गोष्ट २०१२ च्या उत्तरार्धातली. मी थर्ड ऑफिसर होतो, आठ ते बाराची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी. सुएझ ओलांडून आम्ही एडनच्या आखातात शिरलो होतो. मालानं भरलेलं बल्क कॅरिअर, वेग जेमतेम बारा नॉट (ताशी बारा सागरी मैल) आणि डेक पाण्यापासून फार उंच नाही. सोमाली चाच्यांना असंच जहाज हवं असतं. अठरा नॉटच्या वर पळणाऱ्या जहाजावर ते चढल्याची तोवर नोंद नव्हती. हे आम्हाला पाठ होतं, पण त्याचा आमच्या इंजिनाला काय उपयोग?

म्हणून बाकीची तयारी. कठड्याभोवती रेझर वायर, दोन्ही बाजूंनी समुद्रात पाणी फेकणारे फायर होज, डेकवर बॉयलर सूट घातलेले पुतळे आणि स्टिअरिंग गिअर रूममध्ये सिटाडेल, म्हणजे आतून कडी घालून बसायची जागा. शिवाय भाड्यानं घेतलेले चार सशस्त्र रक्षक.

साडेनवाच्या सुमारास लूकआउट ओरडला, "साब, दोन बोटी!" रडारवर काहीच नाही, लाकडी स्किफचा, म्हणजे छोट्या उघड्या बोटीचा, प्रतिध्वनी लाटांत हरवतो. दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही सरळ आमच्यावर येत होत्या, चांगल्याच वेगात. कॅप्टनना बोलावलं, जनरल अलार्म दिला. इंजिनवाल्यांसकट सगळे सिटाडेलकडे पळाले. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, आम्ही चौघं-पाच जण उरलो.

रक्षकांचा म्होरक्या ब्रिज विंगवर, बाजूच्या उघड्या सज्जावर, गेला आणि रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. नेम धरला नाही, गोळी झाडली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या होत्या आणि दोन भारतीय मच्छीमार जिवानिशी गेले होते. ते आमच्यापैकी कुणीच विसरलं नव्हतं. कॅप्टन एवढंच म्हणाले, "माझ्या सांगण्याशिवाय नाही."

बोटींत पाच-सहा जण, निळे ड्रम, ताडपत्रीखाली काहीतरी लांबट. ड्रम कोळ्यांकडेही असतात. या पाण्यात कोळी बंदूकही बाळगतात, आणि जाळं वाचवायला जहाजाच्या आडवे येतात. अर्ध्या मैलावर पुढची बोट एकदम वळली, मागचीही तिच्यामागे गेली. मग लांबून बराच वेळ आमच्या समांतर राहिल्या. मच्छीमार असं कशाला करतील, हे मला अजून कळलेलं नाही.

१९९१ मध्ये सियाद बारेची हुकूमशाही कोसळली आणि सोमालियात किनारा राखणारं सरकारच उरलं नाही. परदेशी ट्रॉलरांनी तिथली मासळी ओरबाडली, काही कोळ्यांनी त्यांना अडवायला हत्यारं उचलली, पुढे त्यातून खंडणीचा धंदा उभा राहिला. त्या बोटींतल्यांपैकी कोण कुठल्या टप्प्यावर होता, हे दुर्बिणीतून कसं दिसणार?

दुबईच्या यूकेएमटीओला, म्हणजे जहाजांकडून अशा खबरा घेणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला, 'संशयास्पद जवळीक' असा रिपोर्ट गेला. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मात्र हटेना. "साब, ताडपत्रीखाली शिडी होती. आकडे लावलेली. मी बघितली." मी पाहिली नव्हती. कॅप्टननी दोघांचं ऐकून घेतलं आणि रिपोर्टमध्ये शिडी घातली नाही. त्यावरून सारंग एडनचं आखात संपेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.